सवलतीचं कारण

सदाशिव पेठ, पुणे
नोव्हेंबर अखेर

चि. मनू हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीला सोलापुरात माणसांच्या गर्दीत तुझ्याशी निवांत बोलणं झालं नाही, आणि परवा तुझा निरोप आला. वाकडला खोली मिळाली, नोकरीत रुळलीस, हे वाचून बरं वाटलं. पण शनिवार-रविवारी बाहेर पडलं की पैसे पाण्यासारखे जातात आणि तरी पुणं पाहिलं असं वाटत नाही, असं लिहिलंस. फोनवर दिवसभर ‘फक्त आजच’, ‘एकावर एक मोफत’ असं काहीतरी येत राहतं, त्यातलं खरं कोणतं ते कळत नाही, हेही लिहिलंस. उत्तर बरंच लांबणार, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

एक गोष्ट आधी सांगते, पुढचं सगळं तिच्याच आधारानं आहे. शहरात काही फुकट किंवा स्वस्त मिळत असेल, तर त्याचा खर्च कुणीतरी सोसत असतं. कोण सोसतंय आणि कशासाठी, एवढं विचारत जा. कारण सापडलं आणि पटलं तर खुशाल जा. कारण सापडलंच नाही, तर बहुधा तो खर्च तुझ्याच खिशातून जाणार आहे.

पुण्यात ऐकण्या-पाहण्याच्या गोष्टी इतक्या कमी पैशांत का मिळतात, याचं कारण फार जुनं आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. लोकांनी एकत्र बसून ऐकावं, विचार करावा, बोलायला शिकावं, हा त्यामागचा हेतू. ती अजून चालू आहे, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात भरते, आणि तिथे जाणं कुणाच्याही खिशाला बोचत नाही. तिच्या पाठोपाठ या गावाला व्याख्यानांची सवयच लागली. कुणी आईवडिलांच्या नावानं एखाद्या संस्थेत ठेव ठेवतं आणि तिच्या व्याजातून दरवर्षी एक स्मृतिव्याख्यान होतं. तू तिथे जाऊन बसतेस तेव्हा त्या कुटुंबाची इच्छा पुरी होत असते. म्हणून अशा ठिकाणी फुकट आलो म्हणून अवघडून बसू नकोस. मागच्या रांगेत मोकळी खुर्ची दिसली की बस, आणि शेवटी प्रश्न विचारायची मुभा असेल तर विचार.

हे कार्यक्रम कळायचे कसे? जाहिरातीला पैसे नसलेल्या संस्था आपली बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर देतात. बारीक टायपातलं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर सकाळी चहाबरोबर वाचायची सवय लाव. दुसरी जागा म्हणजे सभागृहांबाहेरचे फलक. तिसरी, आणि तुझ्यासाठी सर्वांत सोयीची, म्हणजे संस्थांची स्वतःची सूचना. आवडलेल्या चार संस्था निवड आणि थेट त्यांच्याच याद्यांत नाव घाल. सवलती गोळा करून दाखवणारी ॲप्स हे कार्यक्रम क्वचितच दाखवतात, कारण त्यात त्यांना काही मिळायचं नसतं.

सूचना वाचायचीही रीत आहे. ‘प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव’ असं असेल तर पुढच्या दोन-तीन रांगा देणगीदारांच्या, बाकी सगळं सभागृह आपलं. अर्धा तास आधी पोचलं की झालं. ‘विनामूल्य प्रवेशिका’ असं असेल तर ऐन वेळी जाऊन उपयोग नाही. त्या प्रवेशिका आधी एखाद्या दिवशी नाट्यगृहाच्या खिडकीवर वाटतात आणि सकाळीच संपतात. दिवाळी पहाटेच्या मैफलींचं बहुतेक असंच असतं. त्यांचा खर्च पुष्कळदा राजकारणातली माणसं किंवा बिल्डर करतात, स्वतःचं नाव लोकांच्या तोंडी राहावं म्हणून. कारण उघड आहे, आणि गाणं चांगलं असेल तर मला त्यात वावगं वाटत नाही. फक्त भाषणं लांबणार हे धरून जायचं.

आता तुझ्या आवडीचं सांगते. लहानपणी गच्चीवर झोपून तारे मोजायचीस ना? विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेची दारं २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, सगळ्यांसाठी उघडतात. एरवी आपल्याला लांबून पाहाव्या लागणाऱ्या वैज्ञानिकांना त्या दिवशी थेट प्रश्न विचारता येतात. त्याच सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला मिळते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या काही डोळ्यांदेखत वळताना दिसतात. आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडून उभी असतात, त्यांच्यापाशी जरा थांब. हा खर्च आपल्याच करातून झालेला आहे, तेव्हा जाणं हा हक्कच समज.

इतिहासाची ओढ वाटली तर माझ्या घराजवळ भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० सालचं. तिथल्या पाक्षिक सभेत कुणी एखाद्या ताम्रपटावर बोलतं, कुणी मोडीतल्या एका कागदावर. श्रोते मोजके, पण बरेचसे जाणकार. सिनेमासाठी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयावर लक्ष ठेव. १९६४ पासून जमवलेला ठेवा आहे तो, आणि पुष्कळदा खेळ विनामूल्य असतात. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात तर कधीही डोकवावं. चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो आणि कुणी विचारलं तर मनापासून सांगतो.

नाटकाचं जरा थांबून सांगते, कारण ते माझ्या फार जवळचं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका होतात, महाविद्यालयांच्या. स्पर्धा १९६३ पासूनची. आज ज्या नटांची तिकिटं तुला परवडत नाहीत, त्यांच्यातले कितीतरी तिथूनच आले. प्राथमिक फेरीला जा. अंतिम फेरीची तिकिटं मिळणं कठीण, शिवाय प्राथमिक फेरीत फसलेली एकांकिकाही पाहायला मिळते आणि त्यातून नाटक कसं उभं राहतं ते कळतं. मोबाइलवर कितीही पाहिलंस तरी बाल्कनीतून उठणारा तो ‘आव्वाज कोणाचा’ तुला तिथेच ऐकू येणार.

खरेदीतल्या सवलतींनाही हाच प्रश्न लाव. लक्ष्मी रस्त्यावर आषाढात सेल लागतात. लग्नसराई संपलेली, पावसानं गिऱ्हाईक घटलेलं, आषाढात नवी खरेदी टाळायची लोकांची रीत, आणि श्रावण-गणपतीचा नवा माल ठेवायला दुकानात जागा हवी. चार कारणं आहेत, म्हणून सवलत खरी. संध्याकाळी उशिरा मंडईत पालेभाजीचा भाव उतरतो, कारण ती उद्यापर्यंत टिकत नाही. मेट्रोनं शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सूट दिली ती कचेरीला जाणारी माणसं त्या दिवशी नसतात म्हणून. तू पिंपरीहून मेट्रोनं मंडई स्थानकाला उतरत जा, जुनं गाव तिथून पायी फिरता येतं.

आणि जिथे कारण दिसत नाही तिथे थांबायचं. बाराही महिने चालणारा ‘६० टक्के’वाला सेल म्हणजे छापलेली मूळ किंमतच फुगवलेली. ‘पाच मिनिटांत संपणार’ म्हणून उलटा धावणारा आकडा दिसला तर फोन ठेवून दे आणि दुसऱ्या दिवशी पाहा, बहुतेक वेळा तो पुन्हा पाचावर आलेला असतो. अशी खोटी घाई करणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, हे सगळं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमांत नाव घेऊन बंद केलं आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे, तो फोनमध्ये ठेव.

नवी हॉटेलं शोधण्याबद्दल तू विचारलंस. खाण्याचे व्हिडिओ पाहून जायला माझी ना नाही, पण बोलणाऱ्यानं जेवणाचे पैसे भरलेत का ते आधी पाहा. पैसे किंवा फुकट जेवण घेऊन शिफारस करत असेल तर तसं स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. सांगितलेलं नसेल आणि प्रत्येक पदार्थाला ‘अप्रतिम’च म्हटलेलं असेल, तर ते मत धरू नकोस.

माझी रीत वेगळी आहे. शहरात नव्यानं कोण राहायला आलं ते मी पाहते, त्यांच्यामागून त्यांचं खाणं येतं. पुण्याचं सगळं खाणं असंच जमलं आहे. इराणी आले आणि चहा-मस्कापाव आला. डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं. दक्षिणेकडून हॉटेलवाले आले आणि फर्ग्युसन रस्त्याला वैशालीचं सांबार मिळालं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं पिंपरी कॅम्पात उतरली, म्हणून आज सकाळी तिथे दाल पकवान खाता येतं. मग कारखाने वाढले, खानदेशातून आणि मराठवाड्यातून माणसं चिंचवड-भोसरीकडे आली, आणि शेवभाजी, वरणबट्टी, काळ्या मसाल्याचं मटण देणाऱ्या खाणावळी निघाल्या. तू ज्या भागात राहतेस तिथे आयटीतल्या नोकऱ्यांसाठी तेलुगू मुलंमुली आली, त्यामुळे आंध्र पद्धतीचं भात-पप्पू-पोडी देणाऱ्या मेस असणारच. तुझ्या कचेरीतल्या तेलुगू मैत्रिणीला विचार, घरची आठवण आली की ती कुठे जेवते. ते उत्तर पाच तारेवाल्या कुठल्याही यादीपेक्षा खरं असेल. तसंच सोलापूरचंही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कुठे चांगली मिळते हे तुझ्यासारख्याच कुणा सोलापूरकराला ठाऊक असेल.

नव्या हॉटेलात पहिल्या आठवड्यात जाऊ नये असं माझं मत आहे. उद्घाटनाची सवलत असते ती रांग दिसावी म्हणून. स्वयंपाकघर अजून बसलेलं नसतं, वाढपी गोंधळलेले असतात, आणि आपण घाईत जेवून निघतो. महिना जाऊ दे. मग कामाच्या दिवशी दुपारी जा. त्या वेळी आसपासचे लोक स्वतःच्या पैशांनी जेवायला येत असतील तर जागा चांगली. मेनूकार्ड आटोपशीर असेल तर आणखी चांगली. दीडशे पदार्थ ताजे कोण करणार? मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री बहुतेक मेस बंद, हे नव्या मुलींना कुणी सांगत नाही. दुपारी पोटभर जेव आणि रात्रीसाठी घरी काहीतरी ठेव.

बिल वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. हा संकोचाचा प्रश्न नाही. जेवणावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो, तो द्यायचा. ‘सेवा शुल्क’ मात्र आपोआप लावता येत नाही. ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं निघाली आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ती कायम केली. शांतपणे काढायला सांग. वाढणाऱ्या मुलाला द्यायचंच असेल तर त्याच्या हातात दे. ‘५० टक्के सूट’ च्या शेजारी बारीक अक्षरात ‘कमाल १०० रुपये’ असतं, तेही पाहत जा. दोघी जेवायला गेलात की ती सूट फारशी उरत नाही, आणि तिच्यासाठी जास्तीचा एखादा पदार्थ मागवलेला असतो.

डिसेंबर आता दाराशी आहे आणि पुण्यात याच्याइतका भरगच्च महिना नाही. फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून; प्रवेशाला पैसे नाहीत. मोठ्या प्रकाशकांच्या गाळ्यांवर नेहमीची सूट असते, म्हणून आधी सरकारी आणि विद्यापीठांच्या प्रकाशनांकडे जा, तिथे छापील किंमतच कमी असते. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा लागते. बचत गटांच्या बायका गावाकडून पिठं, मसाले, गोधड्या घेऊन येतात. तिथे घासाघीस करू नकोस, मनू. तुळशीबागेत जरूर कर, तिथे किंमत सांगतानाच त्याची जागा ठेवलेली असते. भीमथडीत मात्र समोर बसलेल्या बाईनं ते पीठ स्वतः दळून आणलेलं असतं आणि गाडीभाडंही भरलेलं असतं. तिथे तू सवलत मागितलीस तर तिचा खर्च कुणावर पडतो ते तुला दिसेल.

सवाई गंधर्व महोत्सवाला मात्र पैसे लागतात, आणि ते द्यावेत. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला उत्सव आहे. सोफ्याच्या आणि खुर्चीच्या तिकिटांकडे बघू नकोस, भारतीय बैठकीचं घे. ते सर्वांत स्वस्त असतं आणि ऐकणारी माणसं तिथेच जास्त भेटतात. सतरंजीवर बसायची तुला सवय आहेच. उत्सव मुकुंदनगरला भरतो, रात्र होते, थंडी असते, शाल आण. परत वाकडला जायची चिंता नको, माझ्याकडे झोप.

तर शनिवारी सकाळी ये. आधी पुस्तकांचं आप्पा बळवंत चौकात पाहू, मग सवाईची तिकिटं कुठे आणि कधी मिळणार ते विचारून येऊ. त्या आंध्र मेसचा शोध लागला तर पत्ता पाठव, पुढच्या खेपेला मीच तुझ्याकडे येते. दादाला आणि वहिनीला नमस्कार कळव.

तुझी,
आत्या