पांडवलेण्यात शूद्रकाचा शोध

नाशिकचा पाहुणा रामकुंडावर स्नान करतो, काळ्या रामाचे दर्शन घेतो, सीतागुंफेत वाकून शिरतो आणि चिवड्याची पुडी घेऊन परततो. ज्याला आणखी दोन तास काढता येतील, त्याने मुंबई-आग्रा रस्त्यालगतची पांडवलेणी चुकवू नयेत. पायऱ्या चढताना धाप लागते खरी. पण वरच्या वाऱ्याने श्रम हरपतात. नाव पांडवांचे असले तरी ही लेणी बौद्ध भिक्षूंची. त्यांतील दहाव्या लेण्याच्या अंगणात भिंतीवर एक झिजलेला लेख आहे. त्याचा धागा आपल्या रंगभूमीपर्यंत पोचतो, हे किती जणांना ठाऊक असेल?

देवलांचे ‘संगीत मृच्छकटिक’ मराठी घरांत परिचयाचे आहे. मूळ संस्कृत नाटक शूद्रक राजाचे, असे त्याची प्रस्तावना सांगते. मात्र हा राजा शंभर वर्षे आणि दहा दिवस जगून अग्नीत प्रवेशला, हेही तीच सांगते! स्वतःच्या मरणाची हकीकत कोणता नाटककार लिहील? पिशेल या जर्मन पंडिताने दंडीकडे बोट दाखविले. पुढे त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांनी 1914 साली भासाच्या नावे ‘चारुदत्त’ प्रसिद्ध केले. त्याचे चार अंक मृच्छकटिकाच्या पहिल्या चार अंकांशी विलक्षण जुळतात. आता ते तरी भासाचे कशावरून, हा आणखी एक वाद!

स्टेन कोनो या नॉर्वेजियन विद्वानाने नाशिककडे पाहिले. आपल्या लेखात आभीर शिवदत्ताचा पुत्र राजा ईश्वरसेन याचे नाव आहे. आभीर म्हणजे गवळी. आणि मृच्छकटिकात पालक राजा मारला जाऊन गवळ्याचा मुलगा आर्यक गादीवर येतो. म्हणून शिवदत्त हाच शूद्रक, असे कोनोचे म्हणणे. लेखात रेभिल नावाचा एक गृहस्थही आहे, आणि नाटकातला चारुदत्त ज्याचे गाणे ऐकून रात्री घरी येतो तोही रेभिलच!

नाशिककराला मोह पडावा असा हा योग आहे. पण लेखात नाटकाचा उल्लेख नाही, शूद्रक हे नाव नाही, आणि शिवदत्ताला राजा ही पदवीसुद्धा नाही. रेभिल तर कुणाचेही नाव असू शकते. स्पेनमध्ये 2023 साली एका निनावी नाटकाचा कर्ता लोपे दे व्हेगा असल्याचे जाहीर झाले. संगणकाने त्याची शब्दकळा ताडून पाहिली होती. लोपेची शेकडो नाटके हाताशी होती म्हणून ते साधले. शूद्रकाच्या नावावर मृच्छकटिकाखेरीज ‘पद्मप्राभृतक’ या भाणासारख्या मोजक्याच कृती आहेत. ताडून पाहायचे ते कशाशी?

लेखाची खरी धनीण मात्र निराळीच आहे. रेभिलाची पत्नी, शक अग्निवर्म्याची कन्या विष्णुदत्ता. तिने गोवर्धन येथील तेली आदी कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली, आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. बापाचे, नवऱ्याचे, मुलाचे नाव तिने कोरवून ठेवले. त्यात कोणाला शंका घेता आलेली नाही. पांडवलेण्यावर गेलात तर शूद्रकासाठी थांबा, वाचकहो, पण नमस्कार मात्र या बाईला करा.