राजीनामा लिहिण्याआधी एक बेरीज



पूर्वी मंदिरातून निघताना बायका मला एफडीचं व्याज, पासबुकातली नोंद असलं काहीतरी विचारायच्या. मी बी.कॉम., तेही नागपूर विद्यापीठाची, अमरावतीचं वेगळं व्हायच्या आधीची. म्हणजे मला सगळं कळतं असा समज. गेल्या वर्षभरात मात्र तिघींनी एकच प्रश्न विचारला: मुलाला पुण्याच्या कंपनीत ‘पीआयपी’वर टाकलंय, तो राजीनामा देतो म्हणतो, देऊ द्यावा का?

पीआयपी म्हणजे परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन. तुझं काम कमी पडतंय, अमुक दिवसांत अमुक गोष्टी सुधारून दाखव, असं कंपनी लेखी देते. मुदत बहुधा दोन-तीन महिन्यांची असते. काही ठिकाणी खरंच सुधारण्याची संधी असते, काही ठिकाणी नुसता निरोपाचा नारळ. बाहेरून ओळखू येत नाही, हीच पंचाईत.

त्यामागे आणखी एक भानगड आहे, बेल कर्व्हची. अमेरिकेतल्या जीई कंपनीचे जॅक वेल्च यांनी ती गाजवली: वरचे २० टक्के, मधले ७०, आणि खालचे १० टक्के घरी. वर्गात सगळी मुलं पास झाली तरी बाईंनी चार जणांना नापास करायचंच, तसा प्रकार. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी उतरंड लावणं सोडलं, पण ती सवय सगळीकडून गेली असं नाही. २०२५च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं, म्हणजे मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून आपल्या चिखली-खामगावच्या घरांतही धाकधूक आहे. मुलगा पुण्यात, कर्जाचा हप्ता पुण्यात, आणि झोप उडते ती इथे.

आमच्याच घरातलं सांगते. धाकट्या दिरांचा मुलगा, पुण्यात एका कंपनीत. पहिली तीन वर्षं शेरे चांगले. मग साहेब बदलले आणि लागोपाठ दोनदा ‘सुधारणा आवश्यक’, नंतर दोन महिन्यांचं पीआयपी. दोन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात त्याचा फोन आला.

“मोठी आई, मी उद्याच राजीनामा टाकतो. त्यांनी काढायच्या आत मीच जातो. बाबांना तूच सांग.”

मी म्हटलं, “बाबांना सांगते. आधी मला सांग, लागलास कधी?”

चार वर्षं आठ महिने झाले होते. नोटीस तीन महिन्यांची. मी वहीच काढली.

तेव्हा लागू असलेला ग्रॅच्युइटीचा १९७२चा कायदा पाच वर्षं सलग नोकरी मागायचा. काही उच्च न्यायालयांनी चार वर्षं २४० दिवसही पुरेसे धरलेत, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची कोणी? नोकरी मोजतात ती शेवटच्या दिवसापर्यंत, राजीनामा दिल्याच्या तारखेपर्यंत नाही. उद्या राजीनामा दिला तर चार वर्षं अकरा महिने. एक महिना कमी! पीआयपीचे दोन महिने काढून मग दिला तर पाच वर्षं एक महिना. मूळ पगार ४० हजार, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं, पुन्हा पाचने गुणायचं: १ लाख १५ हजार ३८४ रुपये. एवढे पैसे रागाच्या एका ईमेलपायी सोडायचे होते त्याला. पीएफचंही सांगितलं. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, नव्या नोकरीत वर्ग केला तर ती वर्षं जोडली जातात.

तो गप्प झाला. मग म्हणाला, “पण मोठी आई, रोज त्यांच्यासमोर जाऊन बसायचं?”

हो, बसायचं. खरं दुखणं तिथेच होतं. योगायोगाने तो पर्वाचा दुसरा दिवस होता, उत्तम मार्दवाचा, आणि सकाळीच प्रवचनात मान कषाय ऐकून आले होते मी. त्याला प्रवचन दिलं नाही, पोरं फोन ठेवतात. एवढंच सांगितलं की साहेबांनी काढलेल्या पाचही तक्रारी कागदावर लिही आणि प्रत्येकीसमोर खरी की खोटी ते लिही. रात्री फोटो आला. दोन खऱ्या होत्या. दोनदा काम वेळेत दिलं नव्हतं, आणि मीटिंगमध्ये अडचण न सांगता मान डोलावली होती. उरलेल्या तीन नव्या साहेबांच्या मर्जीच्या. त्या कागदानंतर त्याचा आवाज बदलला. सगळंच खोटं असतं तर भांडावं लागलं असतं, सगळंच खरं असतं तर खचला असता.

आणखी एक गोष्ट बजावली, ती तुम्हालाही सांगते. खोलीत बसवून ‘आत्ता सही कर’ म्हणाले तर करायची नाही. ‘वाचून, घरी विचारून सांगतो’ म्हणायचं आणि त्याच दिवशी झालेलं बोलणं ईमेलने लिहून पाठवायचं. २०१७ मध्ये टेक महिंद्राच्या एका कर्मचाऱ्याला उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा दे असं सांगणारी ध्वनिफीत देशभर फिरली होती. आनंद महिंद्रांना जाहीर माफी मागावी लागली. तिथे राजीनामाच का मागत होते? कारण स्वतःहून सोडणाऱ्याला कायद्याच्या भाषेत ‘कपात’ म्हणत नाहीत. कपात केली तर कामगार या व्याख्येत बसणाऱ्याला एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. मॅनेजर लोकांना हे लागू नाही, म्हणून पद काय आणि काम काय हे आधी बघायचं.

त्याने दोन महिने नेटाने काढले. दर शुक्रवारी काय केलं ते लेखी पाठवलं. निकाल आला ‘अंशतः समाधानकारक’. मग मात्र राजीनामा त्याने स्वतः लिहिला, चार ओळींचा, कोणावर राग नसलेला. आता आपला इथे जीव लागत नाही, एवढं त्याला कळलं होतं. मलाही ते पटलं. टिकून राहणं म्हणजेच मर्दुमकी, असं मी मानत नाही.

नोटीस संपल्यावर तो चार महिने चिखलीला घरी होता. ते चार महिने मला पीआयपीपेक्षा कठीण वाटले. भाऊजींनी सगळ्यांना सांगून टाकलं, ‘वर्क फ्रॉम होम आहे.’ मग पोराने दुपारी खाली दुकानात उतरायचं नाही, कोणी आलं की लॅपटॉप उघडून बसायचं. जाऊबाई हळूच दार ओढून घ्यायच्या. एकदा मंदिरात एका आजोबांनी विचारलंच, “काय रे, सुट्टीवर का?” तो म्हणाला, “नाही आजोबा, नोकरी सोडली. तिथे जमलं नाही. शोधतोय.” आजोबा म्हणाले, “बरं बरं,” आणि चष्मा पुसत पुढे गेले. एवढंच झालं. भाऊजी मात्र दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

ग्रॅच्युइटी कायद्याने तीस दिवसांत द्यायची असते, ती वेळेत आली. घराचे तीन हप्ते आणि थोडं वर, एवढं त्यात भागलं. आता तो संभाजीनगरला एका लहान कंपनीत आहे. पगार पुण्यापेक्षा बारा हजारांनी कमी, पण शनिवारी संध्याकाळी घरी येतो आणि रविवारी आईच्या हातचं जेवून परततो. भाऊजी अजूनही लोकांना ‘बदली झाली’ असंच सांगतात. चारचौघांत मी काही बोलत नाही. घरी आल्यावर मात्र विचारते, “भाऊजी, बदली कोणत्या खात्यातून झाली?”