आईच्या पोटावरचा फडका

माझ्या आईने अकरा वर्षे पोटाला जुन्या लुगड्याचा फडका आवळून बांधला. गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर टाक्यांच्या जागी तिला हर्निया झाला होता. आधी लिंबाएवढी गाठ होती, झोपली की आत जायची. पुढे ती नारळाएवढी झाली, तरी बांधकामावर घमेली उचलणे सुटले नाही. आम्ही मुलींनी तो फडका रोज पाहिला, पण विचारले नाही. ही चूक आमची.

2023 च्या पावसाळ्यात तिला चालवेना, तेव्हा सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "आतडी इतकी वर्षे बाहेर राहिली की पोटातली जागाच कमी झाली. बाजूचे स्नायू आखडलेत. आता ओढून शिवले तर टाके तुटतील, श्वास कोंडेल. आधी स्नायू सैल करायचे इंजेक्शन देऊ." इंजेक्शनचे नाव बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे बोटॉक्स.

हे मुळात विष आहे असे कळताच आई बिथरली. "पोरी, पोटात विख टोचून घेऊ?" मलाही भीती वाटली. पण डॉक्टरांनी न चिडता समजावले. बिघडलेल्या अन्नातल्या जंतूंचे हे विष अगदी अल्प प्रमाणात दिले, तर ज्या स्नायूत टोचले तो काही काळ ढिला पडतो. 1989 साली अमेरिकेत डोळ्यांच्या विकारांसाठी त्याला मान्यता मिळाली. हर्नियाच्या ऑपरेशनआधी ते वापरल्याचा अनुभव मेक्सिकोतील डॉक्टरांनी 2009 साली प्रसिद्ध केला.

सोनोग्राफीच्या पडद्यावर पोटाच्या बाजूचे स्नायूंचे तीन थर दिसत होते. सुई कोणत्या थरात आहे हे पाहत डॉक्टरांनी दोन्ही कुशींत इंजेक्शने दिली. आतड्याला धक्का लागू नये म्हणून हे पाहणे. आठवड्याभरात आईचे पोट सैल पडले. खोकल्याला जोर येईना, कंबर दुखू लागली. हे होणार, असे आधीच सांगितले होते. त्या चार आठवड्यांत मिश्री सोडायची होती, कारण तंबाखूने जखम लवकर भरत नाही. सुईपेक्षा तेच तिला जड गेले.

महिन्याने ऑपरेशन झाले. दोन्ही कडा ताण न पडता जुळल्या, आत जाळी बसवली. इंजेक्शनचा असर साधारण तीन महिने टिकतो, त्यामुळे जखम भरेपर्यंत टाक्यांवर ओढ कमी राहिली.

भगिनींनो, हे इंजेक्शन प्रत्येकाला लागत नाही. लहान हर्नियाला तर नाहीच. गाठ लिंबाएवढी असतानाच दाखवली असती, तर आईलाही लागले नसते. गाठ आत जाईना, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि घरातल्या बाईने पोटाला फडका बांधलेला दिसला, तर तिला विचारा. ती आपणहून सांगणार नाही.