आमच्या घरची एस्प्रेसो

शिक्षकाच्या हाती तांबडी लेखणी आली की जगातील चुका वाढतात, असे आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हांस एकदा तोंडावर ऐकविले होते. त्या वेळी आम्ही हसलो. गेल्या श्रावणात मात्र त्याची आठवण होऊन हसू आले नाही.

नववीच्या वह्या तपाशीत आम्ही बसलो होतो. निबंधाचा विषय होता 'आमच्या घरचा पाहुणचार'. एका विद्यार्थिनीने लिहिले होते, "पाहुणे आले की आई पेल्यात कॉफीची पूड, साखर आणि चार थेंब पाणी घालते. मग चमच्याने पुष्कळ वेळ फेटते, वरून कढत दूध ओतते आणि एस्प्रेसो करते." वाक्ये सरळ होती, शुद्धलेखनही बरे होते. तरी आमची लेखणी 'एस्प्रेसो' या शब्दापाशी अडली. त्याखाली रेघ ओढून आम्ही समासात लिहिले, "ही एस्प्रेसो नव्हे."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन आमच्या मेजापाशी आली. "सर, मग हिला काय म्हणतात? आमच्या घरी एस्प्रेसोच म्हणतात."

"फेटलेली कॉफी म्हण," असे सांगून आम्ही तिला जागेवर पाठविले.

आमच्या या अधिकारवाणीला आधार होता तो एका भांड्याचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही हौसेने इटालियन धर्तीचे ॲल्युमिनियमचे कॉफीपात्र घरी आणले. याला 'मोका' म्हणतात. इटलीत १९३३ साली आल्फोन्सो बियालेट्टी यांच्या कारखान्यातून ते प्रथम बाहेर पडले. खालच्या भांड्यात पाणी, मध्ये चाळणीत पूड आणि वर रिकामे भांडे, अशी त्याची रचना असते. पाणी तापले की कोंडलेली वाफ त्याला वर रेटते आणि ते पुडीतून वाट काढीत वरच्या भांड्यात उतरते. युक्ती सोपी आहे. पण पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. पात्राचे बूड इतके इवलेसे, की ते गॅसच्या शेगडीवर टेकेना. शेवटी पापड भाजण्याची जाळी मदतीला आली. पूड आम्ही चमच्याने ठासून भरली आणि आच मोठी केली. जे काळे द्रव्य निघाले त्याचा वास घेऊन आईने विचारले, "हो काडो कोणाक रे?"

हळूहळू हात बसला. पाणी झडपेच्या खालीच राहू द्यावे, पूड भरावी पण दाबू नये, आच मंद असावी आणि गुरगुर सुरू होताच पात्र खाली उतरवावे. दुधाला उकळी आणू नये. साठ-पासष्ट अंशांपर्यंत, म्हणजे भांड्याला बोट क्षणभरच टेकवता येईल इतपत, तापवावे. मग ताकाच्या लहान रवीने घुसळले की त्यावर मऊ फेस येतो. असा पेला एके दिवशी साधला तेव्हा आम्ही तो आईपुढे ठेवून म्हणालो, "आई, ही खरी एस्प्रेसो. तू करायचीस ती एस्प्रेसो नव्हे."

हे बोलणे सहज झाले होते. आम्ही बी. ए. च्या परीक्षेसाठी रात्री जागत असू तेव्हा बारा वाजता स्वयंपाकघरातून पेल्यावर चमचा वाजल्याचा आवाज येई, आणि थोड्या वेळाने आई तीच फेटलेली कॉफी आमच्या पुस्तकाशेजारी ठेवून जाई. तीही तिला एस्प्रेसोच म्हणे. आमचे शब्द ऐकून ती एवढेच म्हणाली, "नांव कितेंय आसूं पुता, तुका आवडटाली न्ही?" आणि पेला घेऊन आत गेली. त्यानंतर तिने तशी कॉफी केली नाही. पाहुणे आले तरी ती चहाच करी. हे आमच्या ध्यानात आले ते त्या मुलीच्या प्रश्नानंतर.

प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे म्हणून आम्ही एस्प्रेसोची कुळकथा शोधू लागलो, आणि पहिला फटका आम्हांसच बसला. आज जिला एस्प्रेसो म्हणतात तिच्यासाठी पाण्यावर हवेच्या दाबाच्या सुमारे नऊ पट दाब लागतो. सात ग्रॅम बारीक पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत जेमतेम दोन मोठे चमचे अर्क निघतो आणि त्यावर सोनेरी साय येते. आमच्या मोका पात्रातील दाब फार तर एक-दोन पट! म्हणजे ज्या 'खऱ्या' कॉफीच्या बळावर आम्ही दोघींना चूक ठरविले, तीही एस्प्रेसो नव्हती.

पुढे पाहतो तो आणखी मौज. लुइजी बेझ्झेरा यांनी मिलानमध्ये १९०१ साली आपल्या यंत्राच्या एकस्वासाठी अर्ज केला. ते यंत्र वाफेच्या बळावर चाले आणि त्याचा दाबही नऊच्या आसपास कोठे जात नसे. साय आणणारे दांड्याचे यंत्र आकिले गाज्जिया यांनी बाजारात आणले ते १९४८ साली. तोवर इटलीतील लोक एस्प्रेसो म्हणून जे पीत होते, ते आजच्या व्याख्येत बसत नाही. त्यांच्या समासात तांबडी रेघ कोणी ओढावी?

आपल्याकडे हा शब्द लग्नमंडपातून घरात आला असावा असे आम्हांस वाटते. मंडपाच्या कोपऱ्यात ते चकचकीत यंत्र फुसफुसत उभे असे. त्याच्या नळीतील वाफ दुधात शिरे, पेला फेसाने भरे, वर चॉकलेटची पूड भुरभुरली जाई. त्या यंत्रात पूड दाबून अर्क काढीत नसत. वाफ फक्त दूध फेसाळण्यापुरती. पण पाहुण्यांनी नाव ऐकले आणि फेस पाहिला. घरी वाफेचे यंत्र नाही, म्हणून गृहिणींनी तो फेस चमच्याने आणला.

आणि हे काही सामान्य कसब नव्हे. पाण्यात विरघळणारी कॉफी, साखर आणि अगदी थोडे पाणी एकत्र फेटले की हवेचे असंख्य बुडबुडे त्यात अडकतात. साखरेने पाक दाट होतो, म्हणून ते लवकर फुटत नाहीत. प्रकाश त्यांवरून विखुरतो आणि काळपट मिश्रण बदामी दिसू लागते. पाणी जरा जास्त पडले तर सारे फसते. २०२० साली जग घरात कोंडले गेले तेव्हा देशोदेशीच्या तरुणांनी हेच मिश्रण फेटले, एका कोरियन मिठाईवरून त्याला 'डालगोना' म्हटले आणि नवा शोध लागल्यासारखी त्याची चित्रे जगभर पाठविली. आमच्या आईने ती चित्रे पाहिली असती तर तिला ओळखीचा पेला दिसला असता. पण आम्ही ती तिला दाखविली नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही पेला, चमचा आणि कॉफीचा डबा घेऊन आईपाशी बसलो. तिची मनगटे आता दुखतात. फेटण्याचे काम आमचे, पाहण्याचे तिचे. पाच मिनिटांनी आम्ही दमून पेला पुढे केला. तिने आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "आनीक मात्शें." असे तीनदा झाले. मग तिने स्वतः वरून दूध ओतले. फेस वर आला तेव्हा आम्ही विचारले, "हिला काय म्हणायचे?" ती हसली. उत्तर तिने दिले नाही.

आम्ही घरी कोंकणी बोलतो आणि वर्गात मराठी शिकवितो. घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द यांच्यामधील उंबरठा आम्ही रोज ओलांडतो. तरीही तो ओलांडून येणाऱ्या मुलांना आम्ही किती वेळा दारातच अडविले असेल!

विद्यार्थी मित्रांनो, नऊ पट दाबाची एस्प्रेसो कोणती, हे अवश्य शिका. ते ज्ञान खरे आहे. पण ते घरी नेताना हलक्या पावलांनी न्या. त्या मुलीची वही आम्ही पुन्हा मागून घेतली आणि आमचा शेरा खोडून खाली लिहिले, "शब्द राहू दे. 'हिला आमच्या घरी एस्प्रेसो म्हणतात' एवढे एक वाक्य जोड." या वेळी आम्ही निळी शाई वापरली.