पाणी किती अंशाला उकळतं? पुस्तकात आणि वारणानगरात



विज्ञानाच्या तासाला पाठ्यपुस्तक नेमकं कधी उघडायचं? बहुतेक वर्गांत घंटा झाली की पुस्तक उघडतं. एक विद्यार्थी परिच्छेद वाचतो, शिक्षक समजावून सांगतात, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा ओढल्या जातात आणि शेवटी स्वाध्याय होतो. बालभारतीच्या पुस्तकांत मधे मधे 'करून पहा' अशी छान चौकट असते. तीसुद्धा वाचूनच होते. 'करून पहा'चं 'वाचून पहा' होऊन जातं!

मी वारणानगर परिसरात विज्ञान शिकवते. एक साधा तास तुमच्यासमोर ठेवते. साहित्य फार नाही: चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा, प्रयोगशाळेतली तापमापी आणि थोडा बर्फ. पुस्तकं दप्तरात ठेवायला सांगितली आणि फळ्यावर लिहिलं, 'पाणी किती अंशाला उकळतं?' सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "शंभर!"

तापमापी आधी वितळत्या बर्फात धरली. शून्य दाखवलं, म्हणजे तापमापी ठीक आहे. मग पाणी तापवलं. खळखळून उकळी फुटली, पारा 98 च्या आसपास आला आणि तिथंच थांबला. पाच मिनिटं वाट पाहिली तरी वर सरकेना. मुलांना सांगितलं, दिसेल ते लिहा. एका मुलीनं 98 लिहिलं, शेजारच्या वहीत डोकावली आणि खोडरबर काढून 100 केलं.

"का गं खोडलंस?"

"बाई, पुस्तकात शंभर हाय की! अठ्ठ्याण्णव लिवलं तर मार्क जातील."

इथं जरा थांबूया. या मुलीचं निरीक्षण अचूक होतं, तरी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिला छापलेला आकडा खरा वाटला. असं दहावीपर्यंत चाललं, तर पुढं प्रयोगवहीतले आकडे ती प्रयोग न करताच भरेल, आणि त्यात काही चुकतंय असं तिला वाटणारही नाही.

त्यानंतर मी पुस्तक उघडायला लावलं. पुस्तक खोटं सांगतंय का? अजिबात नाही. 100 हा आकडा एका अटीवर खरा आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीला असतो तेवढा हवा. कोल्हापूरचा हा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळं पाण्याला उकळायला कमी तापमान पुरतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी, असा ढोबळ हिशेब धरा. म्हणजे आपल्याकडं 98 हेच बरोबर! समोरचा पन्हाळगड आपल्यापेक्षा साधारण चारशे मीटर उंच आहे. तिथं किती येईल, याचं गणित मुलांनीच केलं: 97 च्या थोडं आत.

मग वर्गाला तोंड फुटलं. कुकरचं काय? कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. साखर कारखान्यात याच्या उलट असतं. तिथल्या पॅनमधली हवा ओढून घेतात. दाब कमी झाल्यामुळं उसाच्या रसाचा पाक कमी तापमानाला उकळतो, साखर करपत नाही. पालकहो, तुमच्यापैकी कुणी पॅनमन असेल तर त्यांच्या रोजच्या कामात हा धडाच आहे. मुलाला तो जरूर सांगा.

पुस्तकातला धडा आणि आपलं गाव असं एकमेकांना भेटलं पाहिजे. बालभारतीचं पुस्तक रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आणि महाबळेश्वरच्या डोंगरावर एकच असतं. त्यात वारणानगरचा आकडा कसा येणार? तो आपल्यालाच लिहावा लागतो. 2023-24 पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत धड्यांसोबत कोरी पानं दिली होती, मुलांनी स्वतःच्या नोंदी कराव्यात म्हणून. पुढं ती योजना बंद झाली. कोरी पानं गेली, पण नोंदीची गरज गेली नाही. त्यासाठी दोनशे पानी साधी वही पुरते.

हा विचार नवा नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांमधून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या 'बालवैज्ञानिक' पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न असत, तयार उत्तरं नसत. परीक्षेलाही पुस्तक उघडायची परवानगी होती. 2002 मध्ये तो कार्यक्रम बंद करण्यात आला, पण तीस वर्षं साध्या सरकारी शाळांत तो चालला.

तुम्ही म्हणाल, "बाई, साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, पोर्शन कधी संपवायचा?" अडचण खरी आहे. म्हणून प्रत्येक धड्याला नाही, पण महिन्यातून दोन 'करून पहा' तरी असे घ्या. आधी प्रश्न, पुस्तक बंद. मग प्रयोग, आणि दिसेल तीच नोंद. शेवटी पुस्तक उघडून आपली नोंद आणि छापील वाक्य शेजारी शेजारी ठेवायचं. फरक आला तर खोडायचं नाही. 'फरक का आला?' हा प्रश्न वहीत लिहायचा.

आणि मार्कांचं काय? परीक्षेत मुलानं लिहावं, 'हवेच्या सामान्य दाबाला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते.' मार्क कुठं जात नाहीत. प्रयोगाच्या वहीत मात्र 98 च राहू द्या.

पालकहो, वहीत असा आकडा दिसला तर लगेच लाल पेन घेऊ नका. "हा कुठून आला?" एवढं विचारा आणि मूल काय सांगतंय ते पूर्ण ऐका. शिक्षक मित्रांनो, तुमच्या गावात पाणी किती अंशाला उकळतं, ते येत्या आठवड्यात मुलांसोबत मोजा. तापमापी आधी बर्फात तपासायला विसरू नका, आणि दिव्याजवळ तुम्ही स्वतः थांबा.