सात दिवस गप्प

अक्काचा मुलगा गेला तेव्हा तंजावरच्या आमच्या घरी माणसांची रीघ लागली होती. व्यंकोजीराजांच्या मागून इथे आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. सांत्वन मात्र दोन्ही भाषांत एकच: कुणी ‘प्रारब्ध’ म्हणत होतं, कुणी ‘विदि’. एक वयस्कर नातलग अक्काच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “मागच्या जन्मीचं काहीतरी देणं राहिलं असेल गं तुझं.” त्या मायेनंच बोलल्या. पण रात्री अक्कानं मला विचारलं, “मी काय केलं होतं रे?”

पाचव्या दिवशी माझा चेन्नईचा सहकारी आला. तो मूळचा अलिबागकडचा, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. या लोकांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष नि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं ते सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणानं त्यांना शनवार तेली म्हटलं. तो आला आणि तिण्णैवर, म्हणजे आमच्या ओट्यावर, अक्काच्या जवळ बसला. शेजारच्या मामींनी अक्कासाठी कॉफी पाठवली होती. पितळेच्या डवऱ्यात, म्हणजे वाटीत, ती तशीच निवत होती, वर साय धरली होती. तास गेला. तो एक शब्द बोलला नाही. मग अक्काच बोलू लागली, मुलाच्या लहानपणापासून. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्याबद्दल बोलत होती.

स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, “आमच्यात दुःखाच्या घरी पाहुण्यानं आधी बोलायचं नसतं. ज्याचं माणूस गेलं, त्यानं तोंड उघडेपर्यंत थांबायचं.” आणि त्यानं बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट सांगितली.

ईयोब भला माणूस. गुरंढोरं गेली, सात मुलगे नि तीन मुली गेल्या, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले, सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले. तिथवर ते खरे मित्र होते. नंतर ते बोलू लागले: तू काहीतरी पाप केलं असशील, देव उगीच शिक्षा देत नाही. ईयोब भांडला, मित्रांशी आणि थेट देवाशीही. शेवटी देव रागावला तो मित्रांवर. भांडणारा ईयोबच खरं बोलला, असा त्यानं निवाडा दिला.

मला हे विलक्षण वाटतं. आपल्या हरिश्चंद्राचा रोहिदास शेवटी जिवंत होतो. ईयोबाला गुरं दुप्पट मिळतात, पुन्हा दहा मुलं होतात, पण आधीची दहा परत येत नाहीत. त्या हिशोबाची एक बाजू कोरीच राहते.

दुःख का येतं, याची ज्यू पंडितांनीही उत्तरं दिलीच. कुणी पाप म्हटलं, कुणी परीक्षा, कुणी परलोकातलं फळ. पण तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात रब्बी योहानानची एक गोष्ट आहे. आजारी पडलेल्या शिष्याला ते विचारतात, हे दुःख तुला हवंसं आहे का? दुःखही नको आणि त्याचं फळही नको, असं तो सांगतो. त्यावर योहानान उपदेश करत नाहीत. त्याचा हात मागतात आणि त्याला उठवतात. पुढे ते स्वतः आजारी पडतात तेव्हा त्यांनाही दुसऱ्याचाच हात लागतो, कारण कैद्याला स्वतःची सुटका करता येत नाही. या योहानानचे दहा मुलगे गेले होते. अमेरिकेतले रब्बी हॅरोल्ड कुशनर यांचा मुलगा 1977 मध्ये चौदाव्या वर्षी गेला. 1981 च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की हे दुःख देवानं धाडलेलंच नाही. तो आपल्याबरोबर उभा असतो.

या गोष्टींवर विचार करताना मला आमच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले जुने कागद आठवले. सरफोजीराजांनी (राज्यकाळ 1798 ते 1832) नेत्ररोग्यांच्या नोंदी ठेवल्या, दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढवून घेतली. बुबुळावरचा पडदा, लाली, सूज, सगळं नीट टिपलेलं. कुठल्या पापानं डोळा गेला, हे वैद्याला ठरवायचं नव्हतं. त्याला डोळा बरा करायचा होता. प्रारब्ध मानणाऱ्या त्याच तंजावरात हे चाललं होतं.

कर्मसिद्धांत खोटा आहे, असं मी म्हणत नाही. माणसानं तो स्वतःच्या चुकीपुरता स्वतःला लावावा. मूल गमावलेल्या आईच्या दारात तो घेऊन जाणं मला क्रूर वाटतं. आपल्याकडे मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात. ज्यूंमध्येही दफनानंतरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांचंच असतं. ही रीत त्या सगळ्या स्पष्टीकरणांपेक्षा शहाणी आहे.

मागच्या महिन्यात आमच्या रस्त्यावर एका घरी लहान मूल गेलं. अक्का गेली, त्या आईजवळ दोन तास बसली. घरी येऊन मला एवढंच म्हणाली, “उद्या सकाळची कॉफी त्यांच्याकडे आपण द्यायची.”