आधी दाबा, मग ओढा

नेदरलँड्समध्ये म्हाताऱ्या गाड्यांचे फार लाड होतात. गाडीला ४० वर्षं झाली की रस्ताकर माफ, ५० झाली की सक्तीच्या तपासणीतूनही सुटका. आमच्या आमर्सफोर्टला तर फोक्सवॅगन बीटलचं विशेष कौतुक. इथल्या बेन पॉन यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये फोक्सवॅगनशी करार केला आणि ते जर्मनीबाहेरचे पहिले अधिकृत आयातदार झाले. त्याच वर्षी पहिल्या पाच बीटल या देशात आल्या. डच लोक तिला ‘केव्हर’ म्हणतात, म्हणजे भुंगेरा.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे १९६६ ची बीटल आहे. आमची मुलं त्यांना इथल्या रीतीने ‘ओपा’ म्हणतात. या गाडीचा सगळा उलटा कारभार. इंजिन मागे, डिकी पुढे. पुढच्या बॉनेटखाली स्टेपनी, ब्रेक ऑइलची डबी आणि पेट्रोलची टाकी. शिवाय १९६७ च्या उन्हाळ्यापर्यंत बनलेल्या बीटलमध्ये पेट्रोल भरायचं तोंडही बॉनेटच्या आतच असे. म्हणजे बॉनेट उघडलं नाही, तर ठणठणीत इंजिन असलेली गाडीसुद्धा टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंतच चालणार.

गेल्या सप्टेंबरात नेमकं तेच झालं. ओपांनी डॅशबोर्डखालचा खटका ओढला आणि तो तुटक्या तारेसकट हातात आला. टाकीत पेट्रोल जेमतेम. एका गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं, “पुढच्या पत्र्याला भोक पाडा आणि आतून खटका ढकला.” तसं करतातही, पण तो शेवटचा उपाय. ओपांच्या गाडीचा तो पत्रा कारखान्यातून आला तसाच होता. “भोकच पाडायचं असेल तर विकूनच टाकतो,” असं ते मला म्हणाले. चेष्टेत म्हणत नव्हते.

माझे बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांची अख्खी नोकरी गेली. इथे येऊन त्यांना दोन महिने झाले होते आणि भाजी चिरण्यापलीकडे त्यांच्या हाताला काम नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते सपाता घालून तसेच निघाले. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, “त्यांना म्हणावं, भोक काय, उद्याही पाडता येईल.”

मग त्यांनी मला यंत्र समजावलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला स्प्रिंग असलेली एक खुंटी असते. बॉनेट बंद केलं की ती खालच्या कुलपात शिरते आणि तिथली सरकती पट्टी तिला अडकवून धरते. तार ओढली की पट्टी सरकते आणि खुंटी सुटते. पण स्प्रिंग आणि कडेचं रबर बॉनेटला सतत वर रेटत असतात. त्यामुळे खुंटी पट्टीवर घट्ट आवळून बसते. त्यात इथली ओल, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ आणि वाळलेलं ग्रीस. पट्टी हलत नाही म्हणून माणूस जोर लावतो. पट्टी जागच्या जागी राहते आणि गंजलेली तार तुटते.

“म्हणून ओढायचं नाही,” बाबा म्हणाले. “आधी भार काढायचा.”

नशिबाने तार खटक्यापाशीच तुटली होती. नळीतून तिचं टोक नखाएवढं बाहेर होतं. बाबांनी फटीतून कुलपावर पातळ तेल सोडायला लावलं आणि आम्ही तासभर थांबलो. मग ओपा लॉकिंग पक्कड घेऊन आत बसले. बाबा पुढे उभे राहिले आणि दोन्ही हातांनी बॉनेट खाली दाबलं. मी मध्ये दुभाषा. “आता हळू ओढा.” काही नाही. बाबांनी हात दोन इंच सरकवले, पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळेला खट्‌ असा आवाज आला आणि बॉनेट बोटभर वर आलं. बाबांनी हँडलखाली बोटं घालून सुरक्षेचा आकडा सोडवला. ओपा गाडीतून उतरले आणि काही न बोलता बाबांचा हात धरून उभे राहिले.

नवी तार आठवडाभरात पोस्टाने आली. ती बसवताना बाबांनी कुलपाच्या पट्टीला आणखी एक बारीक तार बांधून तिचं टोक गाडीखाली आणलं. पहिली तुटली तर ही आहे. बाबा पुण्याला परत गेले, तरी ओपा अजून विचारतात, “दापोडीचे साहेब पुन्हा कधी येणार?”

तुमच्यापैकी कुणाकडे अशी जुनी गाडी असेल, तर दिवाळीनंतर ती हिवाळ्यासाठी झाकून ठेवण्याआधी बॉनेटचं कुलूप पुसून घ्या आणि ताजं ग्रीस लावा. खटका जड लागायला लागला तर जोर वाढवू नका. कुणाला तरी हाक मारा. एकाने दाबायचं, दुसऱ्याने ओढायचं. हे एकट्याचं काम नाही.